माझ्या इमारती, त्याचं पाणी

सोमवार

बायको म्हणाली, "तेच तेच ऐकून माझे कान किटले. आता लिहून काढा आणि मला मोकळं करा." म्हणून ही वही. मी लिहिणारा माणूस नाही. चित्रं रंगवणारा आहे, तीही अर्धी.

अर्धी म्हणजे काय ते आधी लिहितो, नाहीतर महिन्याभराने मलाच वाटायचं की मी उगाच चिडलो. आमच्याकडे एक चित्र दोघं भाऊ मिळून काढतात. घराखालची लांबोडकी खोली म्हणजे आमचा कारखाना, तिला उत्तरेला मोठी खिडकी. बाबांनी नियम घालून दिला: थोरल्याने इमारती काढायच्या, धाकट्याने डोंगर, आकाश, झाडं आणि पाणी. घर, पूल, मनोरा, जिना, जे जे माणसाने बांधलं ते माझं. जे आपोआप उगवलं, वाहिलं किंवा उडालं ते त्याचं. सकाळच्या उजेडात कडा नीट दिसतात म्हणून सकाळ माझी, दुपार त्याची. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत कुंचला घालायचा नाही. या नियमावर माझा संसार आणि धाकट्याचं ब्रह्मचर्य, दोन्ही आजवर सुखाने पोसली गेली.

आता लॉजवाल्याचं मोठं काम आलं आहे. त्याच्या जेवणाच्या हॉलची अख्खी भिंत झाकेल एवढा कॅनव्हास: मागे डोंगर, पायथ्याशी नदी, नदीकाठी गाव. हल्ली लोक छापील चित्रं चिकटवतात, असं काम आम्हाला किती वर्षांत मिळालं नव्हतं. हे त्याला आवडलं तर त्याच्या बाकीच्या लॉजचीही कामं आमचीच. नाही आवडलं तर खालच्या खोलीला कुलूप. हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे, कोणी बोलत नाही.

आणि नेमका हाच मुहूर्त साधून परवा जेवताना धाकटा मान खाली घालून म्हणाला, "दादा, या वेळी इमारतीही मीच काढू का?"

माझ्या हातातला घास हातात राहिला. म्हटलं, "आणि मी काय करू? माशा मारू?"

"तसं नाही. तू शेजारी बस. तू सांग, मी काढतो."

ज्याला जन्मात एक खिडकी धड काढता आली नाही, तो! मी ताट सरकवलं आणि उठलो. बोट दिलं की मनगट धरायचं म्हणतात ते हेच. आज इमारती मागतोय, उद्या दारावरच्या पाटीवरून माझं नाव खरवडेल. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

बुधवार

नवी पट्टी आणायला गेलो होतो. जुनी वाकली आहे. तिच्या पोटाशी बाक आलाय, हे गेल्या चित्राच्या वेळीच लक्षात आलं होतं.

दुकानदाराने लांब पोलादी पट्टी काढून दिली. मी डावा डोळा मिटला, पट्टी नाकासमोर धरली आणि तिच्या कडेवरून उजव्याने नजर सोडली. बाबांनी शिकवलेली परीक्षा आहे ही. ते म्हणायचे, दोन डोळे भांडतात, एकटा डोळा खरं बोलतो. बघतो तर पट्टी मधोमध फुगलेली. दुसरी मागितली. तीही तशीच. तिसरी काढायला लावली तेव्हा दुकानदाराने ती काउंटरच्या काचेवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "काका, बघा बरं, कुठे फट दिसतेय?"

मी म्हटलं, "तुमची काचच वाकडी आहे."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. चालायचंच. हल्ली सरळ काही मिळतच नाही. रस्त्यावरचे विजेचे खांब बघितले येताना, एक धड उभा नाही. घराखालच्या खोलीला सुताराने नवं दार बसवलंय, त्याची चौकट तर प्यायलेल्या माणसासारखी. बायकोला तीन वेळा सांगितलं की सुताराला बोलवा. ती म्हणते, दार नीट लागतंय, उघडतंय, आणखी काय नाच करायला हवा त्याने?

पट्टीशिवाय काढणार. एवढ्या वर्षांचा हात आहे, त्याला पट्टीच्या कुबड्या कशाला?

रविवार

आज सुट्टी, तरी तीनदा खाली जाऊन आलो. बसवत नाही. वर आलो की खालचं आठवतं, खाली गेलो की वर दोघं माझ्याबद्दल काय बोलत असतील ते डोक्यात येतं.

मनोरा झाला आहे. घड्याळाचा मनोरा, पुलाच्या डाव्या अंगाला, गावात सगळ्यात उंच. असा मनोरा मी आजवर काढला नव्हता. प्रत्येक कड डावा डोळा मिटून, हात लांब करून, कुंचल्याची काठी समोर धरून तपासली. जिथे जिथे रेघ बाहेर गेल्यासारखी वाटली तिथे तिथे आत घेतली. शेवटी काठीसारखा सरळ झाला तेव्हा थांबलो. मागे सरकून दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर कधी असा वाटतो, कधी तसा. म्हणूनच बाबा म्हणायचे, दोन डोळ्यांचं ऐकू नये.

जेवताना धाकटा समोरच होता. मी बायकोला म्हटलं, "भावाला सांग, मनोऱ्याचं प्रतिबिंब पाण्यात पडतं. पाणी त्याचं आहे, प्रतिबिंब नीट काढायला सांग."

बायको म्हणाली, "भाऊजी, तुमचे दादा म्हणताहेत—"

"ऐकलं मी वहिनी. त्यांना सांगा, काढतो."

"ऐकलंत?" बायकोने मला विचारलं. "का मधे एक टपाल कचेरी उघडू?"

चहा ओतताना माझ्या हातून थोडा कपाबाहेर सांडला. तिने कप सरकवून माझ्या हातात दिला, जसा लहान मुलाला देतात. मला ते आवडलं नाही. मग चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाली. मी म्हटलं, फ्रेम गेल्या वर्षीच नवी केली आहे. फ्रेम आणि नंबर यांत फरक असतो हे मलाही कळतं, पण त्या वेळी तेच तोंडात आलं.

गुरुवार

आजचा दिवस विसरणार नाही. लॉजवाला काम बघायला आला होता. मोठा आनंदी गडी, आत शिरतानाच "वा वा" करत शिरला. डोंगर बघून वा, नदी बघून वा. धाकटा कोपऱ्यात फडक्याला हात पुसत उभा. मी चित्राशेजारी. लॉजवाला मनोऱ्यापाशी आला, मान इकडे केली, मान तिकडे केली आणि म्हणाला, "हा जरा कललाय का हो?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटा पुढे आला. "तो मी काढलाय साहेब. घाईत झाला. करतो नीट."

तो मी काढलाय! माझा मनोरा! जन्मातला सगळ्यात चांगला मनोरा, आणि माझ्यादेखत तो आपल्या नावावर करून घेतला. वर गिऱ्हाइकापुढे लाळ घोटायची म्हणून त्यात खोटही कबूल केली. लॉजवाल्याला काय कळतं? त्याच्या लॉजच्या जिन्याला दोन पायऱ्या सारख्या नाहीत.

तो गेल्यावर मी पुन्हा डावा डोळा मिटून बघितलं. मनोरा सरळ आहे. ओळंबा लाजेल इतका सरळ.

मी त्याला तिथेच विचारायला हवं होतं. पण बोलणं बंद आहे. लहानपणी याच्या अंगावर कोणी धावून आलं तर मी मधे पडायचो. तो आज मला गिऱ्हाइकासमोर पुसून टाकतो.

शुक्रवार

सकाळी खाली गेलो तर मनोऱ्याच्या मधल्या भागावर धुकं!

काल दुपारी घातलंय. डोंगरावरून एक पट्टा खाली ओढलाय, तो बरोबर माझ्या मनोऱ्याच्या कमरेवरून गेलाय. वरचं घड्याळ दिसतं, खालचा दरवाजा दिसतो, मधला मनोरा गडप. आणि पाण्यातलं प्रतिबिंब? ते तर काढलंच नाही. तिथे नुसत्या लाटा काढून ठेवल्यात. त्या नदीला कधी लाटा नव्हत्या, काचेसारखं पाणी ठरलं होतं.

मी बायकोला म्हटलं, "विचार त्याला, धुकं कोणाला विचारून घातलं?"

ती विचारून आली. "भाऊजी म्हणतात, धुकं आपोआप येतं. जे आपोआप येतं ते त्यांचं."

नियमावर बोट ठेवतो! माझ्याच बापाच्या नियमावर.

मंगळवार

धुकं पसरतंय. सकाळी मी काढायचं, दुपारी त्याने झाकायचं. काल धान्याच्या गोदामाची भिंत काढली, लांब, साधी, एका दमात. आज तिच्यासमोर झाड उगवलंय. एवढं मोठं झाड एका दुपारीत कुठे उगवतं? त्याच्या पलीकडच्या तीन घरांवर पुन्हा धुकं. पुलाच्या कमानीवर वेली. वेली! पुलाला वेली चढू देणारं गाव म्हणजे आळशांचंच म्हणायचं.

गंमत अशी की सगळंच झाकत नाही. गच्च्या सोडतो, जिने सोडतो, लहान घरं सोडतो. मोठं, उंच, लांब काही काढलं की आलाच धुकं घेऊन. म्हणजे जिथे माझी करामत आहे नेमकं तिथेच. हे डूख नाही तर काय?

मी आता मुद्दाम उंच घरं काढतोय. बघू कोणाचं धुकं आधी संपतं.

शनिवार

तीन दिवस लिहिलं नाही. लिहून मन हलकं होतं असं बायको म्हणते. माझं होत नाही. रंग घोटायला बसलो की उठतो, उठलो की कुंचले धुतो, धुतलेलेच पुन्हा धुतो. काल फडक्यांच्या घड्या घातल्या. उभ्या आयुष्यात मी फडक्याची घडी घातली नव्हती.

आज पाणी प्यायला वर गेलो तर स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चालली होती. बायको म्हणत होती, "कधीतरी सांगायला हवंच ना." धाकटा म्हणाला, "नको वहिनी. बाबांचं काय झालं आठवतंय ना? काम तरी संपू दे." माझी चाहूल लागली आणि दोघं गप्प. बायको एकदम डबे पुसायला लागली. तो खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत आहे.

बाबांचं काय झालं? बाबांच्या हाताला कंप सुटला. तसं कोणीतरी तोंडावर म्हणालं, आणि बाबांनी त्याच दिवशी कुंचला ठेवला. मग पुढे ते खाली उतरले नाहीत, आणि थोड्याच दिवसांत वरूनही गेले. त्याचा इथे काय संबंध? संबंध एकच असू शकतो. बाबा गेले तेव्हा वाटण्या झाल्या नव्हत्या. आता काम संपलं की वाटणी मागणार. आणि माझी बायको त्याला सामील आहे.

चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिनेही त्याचीच बाजू घ्यावी! माझी बाजू घ्यायला आता ही वहीच उरली.

सोमवार, दुपार

डाव्या डोळ्याने लिहितोय. उजव्यावर ओला रुमाल आहे. का ते लिहितो, सगळं लिहितो.

उद्या लॉजवाला पुन्हा येणार, असं सकाळी निरोप घेऊन आलेला माणूस सांगून गेला. मी ठरवलं, त्याला माझ्या इमारती उघड्या दिसल्याच पाहिजेत. परवा दुपारी घातलेलं धुकं ओलं होतं, आधीचंही अजून पुरतं वाळलं नव्हतं. खाली माझे रंग मात्र चटकन वाळणारे, ते केव्हाच घट्ट झालेले. टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि मनोऱ्यापासून सुरुवात केली. धुकं साबणाच्या फेसासारखं निघत होतं. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मनोरा पुसला, शेजारची दोन उंच घरं पुसली. तिसऱ्या घराला हात घालायचा म्हणून फडकं पुन्हा बुडवून करकचून पिळलं आणि त्याची चिळकांडी चष्म्यावरून थेट उजव्या डोळ्यात.

आई आठवली. नळाखाली डोकं धरलं, पाणी मारमार मारलं. आग थांबेना. रुमाल ओला करून डोळ्यावर बांधला. कोणीही शहाणा माणूस वर जाऊन पडला असता. पण तिसरं घर राहिलं होतं ना. मी फडकं घेऊन तसाच चित्रापुढे येऊन उभा राहिलो.

आणि समोर कोणाचं तरी भलतंच चित्र होतं.

मनोरा पोटुशा बाईसारखा मधे फुगलेला, वरचा भाग डावीकडे लवंडलेला. शेजारची घरं त्याच्या अंगावर रेललेली. एका घराच्या भिंतीला असा बाक की आत राहणारा घरंगळून नदीत जाईल. मला आधी वाटलं, मी पुसताना बिघडवलं. जवळ गेलो. रेघा माझ्याच होत्या, वाळलेल्या, नखाने न निघणाऱ्या. मग रुमाल वर केला, झोंबत असतानाच उजवा डोळा जेमतेम उघडला, डावा मिटला. मनोरा सरळ. डावा उघडला, उजवा मिटला. मनोरा वाकडा. असं मी किती वेळ करत होतो ठाऊक नाही. कोणी खिडकीतून बघितलं असतं तर म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणालं असतं. खोलीच्या दाराकडे बघितलं, डाव्याने. चौकट सरळ होती. सुताराचं दार चांगलं होतं.

एकटा डोळा खरं बोलतो म्हणे. जन्मभर मी ज्याला साक्षीला उभा करत आलो तोच फितूर निघाला, आणि जो खरं बोलत होता त्याला मी दर वेळी मिटत होतो.

मग स्टुलावर बसलो आणि डाव्या डोळ्याने बाकीचं चित्र बघितलं. गोदामासमोरचं झाड. ते बरोबर तिथे उभं होतं जिथे भिंत मोडली असणार. वेली होत्या त्या कमानीच्या त्याच बाजूला जी खचलेली. जिने, गच्च्या, लहान घरं ठीक होती, म्हणून ती त्याने सोडली होती. पाण्यात प्रतिबिंब काढलं असतं तर वाकडा मनोरा दोनदा दिसला असता, म्हणून लाटा. आणि माझ्या एकाही रेघेवर त्याचा कुंचला लागलेला नव्हता. एका दुपारीत तो सगळं खोडून सरळ करू शकला असता. मी आठ दिवस तोंड फुगवून बसलो असतो, आणखी काय? पण तो माझ्या हद्दीत आला नाही. फक्त त्याच्या हद्दीतलं काय काय आणून त्याने माझ्या अंगावर पांघरलं.

मी रडलो. लिहायला लाज कसली, रडलो. मला भीतीही वाटत होती. सरळ रेघ हीच माझी कमाई. ती गेली तर मी कोण? बाबांच्या खुर्चीत जाऊन बसायचं का?

तेवढ्यात त्याची वेळ झाली आणि तो आला. पुसलेलं बघून दारातच थबकला. माझ्या डोळ्यावरचा रुमाल बघितला, माझं तोंड बघितलं. त्याला काय कळलं, किती कळलं, सांगता येत नाही. चेहरा मात्र पांढरा पडला होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चूक झाली, कळलं मला, माफ कर, यांतलं काहीतरी. इतके दिवस तोंडाला कुलूप, आता किल्ली सापडेना.

शेवटी म्हणालो, "खिडकी काढताना आधी आतला अंधार भरायचा. चौकट मागाहून."

तो तसाच उभा.

"ऐकू येत नाही का? अंधार आधी. आणि पट्टी घे. जुनी पट्टी घे, ती चांगली आहे."

"दादा..."

"मनोरा पुन्हा काढायचाय. मी सांगतो. लॉजवाल्याला निरोप धाड, आठवड्याने ये म्हणावं."

तो पट्टी शोधायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. पट्टी त्याच्या नाकासमोर होती.

बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. बायको बरोबर. डॉक्टरांनी बारीक चौकटींचा एक कागद दिला आणि एकेका डोळ्याने बघायला लावलं. उजव्याने बघितलं तर मधल्या चौकटी पाण्यात पडल्यासारख्या वेड्यावाकड्या. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध बिघडलाय म्हणाले. सुया देऊन आणखी बिघडणं रोखता येईल, पण गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. डावा तूर्त चांगला आहे. टर्पेंटाइनने काही झालेलं नाही. टर्पेंटाइनचे उपकारच म्हणायचे.

परत येताना बायकोला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"चहा सांडायला लागलात तेव्हापासून शंका होती. भाऊजींना गेल्या चित्रापासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगायला गेले होते ना भाऊजी. जेवताना. तुम्ही ताट सरकवलंत." मग म्हणाली, "ते मला म्हणाले, दादा खाली उतरायचे थांबले तर मी कोणाबरोबर काढू?"

वाटेत विजेचे खांब लागले. मी तिकडे बघितलं नाही.

शनिवार

धाकट्याला शिकवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. डोंगर कसा सरसर काढतो, आणि खिडकी म्हटली की दातखीळ बसते. पहिल्या खिडकीला त्याने अख्खी सकाळ घेतली. हो, सकाळ. आता दोघंही सकाळीच उतरतो. मी स्टुलावर, उजवा डोळा मिटून. "डावीकडे. अरे डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. दोघांची डावी बाजू एकच आहे गाढवा, आपण एकाच दिशेला तोंड करून आहोत." वरून बायको ओरडते की शेजारी ऐकताहेत. इतक्या दिवसांचं न बोललेलं एकदम बाहेर पडतंय, दुसरं काही नाही.

मनोरा मात्र सरळ झाला. मला वाटलं होतं की त्याच्या हातून झालेला बघून वाईट वाटेल. वाटलंही. पण जेव्हा त्याने मागे सरकून विचारलं, "बरा आहे का रे?" तेव्हा त्याच्या तोंडावर पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्याचा भाव होता. मी म्हटलं, "चालेल." आमच्या घरात याहून मोठं कौतुक करत नाहीत.

मी झोपेतही अस्वस्थ असतो, हे काही थांबलेलं नाही. डावा डोळा सारखा तपासतो. जाता येता दारं, खिडक्या, पुस्तकांच्या कडा. तो अजून खरं बोलतोय. किती दिवस बोलेल ते त्याचं त्याला ठाऊक.

मनोरा झाला, गोदाम आणि उंच घरं राहिली आहेत. तीही सगळी खोडून पुन्हा काढायची ठरली आहेत, म्हणून त्यांच्यावरचं धुकंही पुसून टाकलं आहे.

मंगळवार

लॉजवाला येऊन गेला. या वेळी "वा वा" नाही. हाताची घडी घालून बराच वेळ बघत राहिला. धाकटा माझ्या शेजारीच उभा होता, आमचे खांदे लागत होते.

"मनोरा झकास," लॉजवाला म्हणाला. "पण धुकं कुठे गेलं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"अहो, मधे तुमच्या खिडकीतून डोकावलो होतो तेव्हा फोटो काढला होता. बायकोला दाखवला. ती म्हणाली, ते धुक्यातलं गाव बघूनच तिथे राहायला जावंसं वाटतं. मी तर त्या धुक्यासाठीच बाकीच्या दोन लॉजची चित्रंही तुम्हाला द्यायची ठरवून आलो. आणि तुम्ही पुसून बसलात!"

मी म्हटलं, "घालू परत."

"मनोरा राहू द्या असाच. बाकी गाव धुक्यात पाहिजे." एवढं सांगून तो गेला. जिन्यावरून शीळ घालत गेला.

दाराचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं दम धरून होतो. मग धाकटा हसायला लागला. मलाही आवरेना. बायको धावत खाली आली, तिला वाटलं पुन्हा भांडण जुंपलं.

हसणं ओसरल्यावर त्याने पट्टी उचलली. गोदामाची भिंत आज खोडायची होती. "आधी ही घरं सरळ करून घेऊ," तो म्हणाला, "मग वरून धुकं घालतो."

मी चित्राकडे बघितलं. डाव्या डोळ्याने, मग उजव्याने, मग दोन्ही उघडून. ती सगळी माझ्या हातची शेवटची घरं. एकमेकांच्या अंगावर रेललेली, म्हाताऱ्यांच्या रांगेसारखी. पट्टी मी त्याच्या हातातून काढून घेतली.

"नको. झाकायचीच आहेत तर राहू दे आहेत तशी."

मग त्याने पांढरा काढला, त्यात जरासा निळा, तेल सोडलं, रुंद कुंचला घेतला. पहिला हात त्याने जाड घातला. सवयच तशी लागली होती त्याला, इतके दिवस मला लपवायची.

"पातळ घाल रे," मी म्हणालो. "आत माणसं राहतात."